रोपांसाठी जागा पाहिजे

पुण्यात कोणी गच्चीवर सोलर बसवला तर लोक विचारतात, बिल किती कमी आलं? कुत्रा पाळला तर विचारतात, चावतो का? पण ‘घरच्या बागेसाठी ग्रीनहाऊस घ्यायचं म्हणतोय’ असं सांगून बघा. सगळे एकच विचारतात, ‘कशाला?’ सासुरवाडीने विचारलं, ऑफिसातल्यांनी विचारलं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानेही विचारलं. त्यातल्या त्यात इस्त्रीवाल्याला शास्त्राची जाण अधिक. तो पुढे म्हणाला, "पण साहेब, आपल्याकडं थंडी कुठंय?"

हरितगृह निवडण्याचं निम्मं शास्त्र या प्रश्नात आहे. हरितगृह ही मुळात थंडीने काकडणाऱ्यांनी काकडीसाठी काढलेली युक्ती. रोमन सम्राट टायबेरियसला रोज काकडी लागायची. म्हणून त्याचे माळी चाकं लावलेल्या वाफ्यांत वेल वाढवत, दिवसा ते उन्हात ढकलत आणि थंडी पडली की पारदर्शक दगडाच्या तावदानांखाली नेत, असं प्लिनीने लिहून ठेवलंय. आपल्याकडे सम्राट नाहीत, पण मंडईत बारा महिने काकडी आहे, आणि ती ढकलत आणण्याचं काम हातगाडीवाला करतो.

तरी हौस ती हौस. ती असली की माणूस आधी चित्रं बघतो. चित्रांतल्या हरितगृहात एक बाई नेहमी स्वेटर घालून टोमॅटो तोडत असते. तिच्या मागे काचेवर दव असतं. आमच्या स्वारगेटच्या गच्चीवर एप्रिलच्या दुपारी टोमॅटो तोडायला गेलं तर तोडणाराला आधी इलेक्ट्रॉल द्यावं लागेल. टोमॅटोलाही तेव्हा फळ धरायचा उत्साह नसतो. पारा पस्तिशीच्या वर जायला लागला की तो फुलं गाळून मोकळा होतो. अशा झाडाला आणखी काचेच्या खोलीत कोंडायचं म्हणजे प्रेमाचा अतिरेक झाला.

काचेच्या घरात उष्णता अडकते कशी, याची एक गंमत आहे. काच उन्हाला आत येऊ देते आणि उष्णतेच्या किरणांना बाहेर जाऊ देत नाही, असं आपण शाळेत लिहून मार्क मिळवलेले असतात. आर. डब्ल्यू. वुड नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाला ते पटेना. 1909 मध्ये त्याने दोन छोटी खोकी घेतली. एकावर काचेचं झाकण बसवलं, दुसऱ्यावर सैंधवाचं. हो, उपासाला लागतं तेच, फक्त पारदर्शक तुकडा. सैंधव उष्णतेच्या किरणांना सहज वाट देतं, काच देत नाही. तरीही दोन्ही खोकी जवळजवळ सारखीच तापली. म्हणजे किरण अडवण्याचा वाटा किरकोळ. आत उकडतं ते तापलेल्या हवेला वर निघून जाता येत नाही म्हणून. दुपारी दोनला स्वारगेट स्टँडवर, खिडक्या बंद ठेवलेल्या एसटीत बसून बघा. वुडसाहेबांना सैंधवाचा खर्चसुद्धा करावा लागला नसता.

तेव्हा पुण्यात हरितगृह बघायला गेलात की ते किती ऊब धरतं हे विचारू नका. ती उष्णता बाहेर कुठून जाते ते विचारा. छपराला वरच्या बाजूला झडप नसेल, बाजूंचे पडदे गुंडाळता येत नसतील, तर त्याला कितीही सुंदर दार असू दे, ते आपल्या कामाचं नाही.

मग स्वारगेटला याची गरज काय? गरज आहे, पण ती धुळीमुळे. जेधे चौकात एकीकडून सातारा रोड येतो, एकीकडून शंकरशेठ रोड, शहरातून टिळक रोड आणि शिवाजी रोड. त्यात एसटीचा स्टँड, पीएमपीचा स्टँड, वर उड्डाणपूल, आणि आता खाली मेट्रो. 29 सप्टेंबर 2024 ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत पोचली. त्याआधीची काही वर्षं ती खोदाई आमच्या झाडांनी पानोपानी सोसली. आमच्याकडे कढीपत्ता तोडला की धुवायचा, मग पुन्हा धुवायचा, आणि मग ठरवायचं की हा कढीपत्ताच आहे ना.

धुळीपायी काचेकडे वळणारे आम्ही पहिले नाही. लंडनच्या पूर्व भागात नॅथॅनियल वॉर्ड नावाचे एक डॉक्टर होते. त्यांना नेच्यांचा फार नाद. पण कोळशाच्या धुराने त्यांचे नेचे मरायचे. 1829 च्या सुमाराला त्यांनी एका पतंगाचा कोश ओलसर मातीवर ठेवून बाटली बंद केली. पतंग कसा निघतो ते बघत असताना त्यांच्या लक्षात आलं की, बाहेर हजार खटपटी करून जगत नव्हता तो नेचा या बंद बाटलीत आपणहून उगवलाय. त्यातून ‘वॉर्डची पेटी’ निघाली. 1833 मध्ये अशा पेट्यांतून रोपं जहाजाने सिडनीला गेली आणि जिवंत पोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधून चहाची रोपं हिंदुस्थानात आणली ती याच पेट्यांतून. म्हणजे स्वारगेटच्या टपरीवर आपण जे कटिंग पितो, त्यामागे एका डॉक्टरांचा धुराचा वैताग आहे. चौकात उभं राहून चहा पिताना धूर तोंडात जातोच, तेव्हा हिशेब पुरा होतो म्हणायचं.

पण वॉर्डची पेटी ही नेच्यांची, सावलीतली गोष्ट. उन्हातल्या गच्चीवर बंद पेटीत मिरची लावली तर तिची भाजी आयती शिजून मिळेल.

म्हणून खरेदीच्या आधी मी प्रत्येकाला एकच सांगतो, पहिल्यांदा कमाल-किमान तापमापक घ्या. हरितगृहाच्या मानाने तो फुकटात येतो. आणि पुण्यात राहून हवामानाबद्दल अंदाजाने बोलणं शोभत नाही. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, आणि त्या इमारतीला जुने पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. तिथेच एल. ए. रामदास यांनी 1932 मध्ये शेतीच्या हवामानाचा विभाग सुरू केला. एवढ्या मोठ्या खात्यात हा गृहस्थ जमिनीपासून वीत-दोन विती उंचीवरची हवा मोजत बसला होता. निरभ्र, वारा नसलेल्या रात्री सगळ्यांत थंड हवा जमिनीला लागून असणार, असं सगळं जग धरून चालत होतं. रामदासांच्या मोजणीत ती जमिनीच्या जराशी वर निघाली. बाहेरच्या विद्वानांनी बरीच वर्षं ‘मोजण्यात काहीतरी चुकलं असेल’ म्हणून बाजूला सारलं. आता त्याला ‘रामदास थर’ म्हणतात. पुण्याचा माणूस म्हणतो ते शेवटी खरं निघतं, याचा एवढा सज्जड पुरावा दुसरा नाही. फक्त रामदास मूळचे पुण्याचे नव्हते, हे मोठ्याने बोलायचं नाही.

पुण्याच्या थंडीचाही एक विक्रम आहे. 17 जानेवारी 1935 ला शहरात पारा 1.7 अंशांवर उतरला होता. आमच्या शेजारचे तात्या हरितगृहाच्या बाजूने बोलताना हा आकडा नेहमी काढतात. त्यांना सांगावं लागतं की, त्यानंतर स्वारगेटला डांबर, सिमेंट, बस आणि माणूस एवढं वाढलंय की तेवढी थंडी पडायला आता जागाच उरलेली नाही.

तापमापकानंतरचं काम म्हणजे ऊन बघणं. इथे परदेशी पुस्तकं सरळसरळ फसवतात. हरितगृहाचं तोंड दक्षिणेला करा, असं ती ठासून सांगतात. त्यांच्या देशात सूर्य जन्मभर दक्षिणेलाच असतो, त्यांचं बरोबर आहे. आपलं पुणं साडेअठरा अंशांवर. मेच्या मध्याला एक दिवस सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली नाहीशी होते. तिथून जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. उत्तरेची बाजू ‘सावलीची’ म्हणून आपण अँथुरियम ठेवावा, आणि ऐन मेच्या शेवटी त्याला ऊन लागावं, असं त्यामुळेच होतं. डिसेंबरात उलट. दुपारी बाराला सूर्य 48 अंशांच्या आसपासच चढतो. गच्चीवरची पाण्याची टाकी 10 फूट उंच असेल तर तिच्या उत्तरेला 9 फुटांपर्यंत सावली. हे सगळं बघायला निदान एक हिवाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्यावा. ‘मग तोपर्यंत काय करायचं?’ असं मुलगा विचारतो. झाडांना पाणी घालायचं.

आता बाजार. स्वारगेटचं एक सुख म्हणजे चारी बाजूंना बाजार आहेत. पाइप आणि अँगल भवानी पेठेत, शेतीचं सामान मार्केट यार्डाच्या अंगाला. तिथल्या एका दुकानात मी गेलो. दुकानदाराने वहीतून मान वर न करता विचारलं, "किती गुंठे?"

मी म्हटलं, "सहा बाय दहा."

"सहा बाय दहा काय? मीटर?"

"फूट."

गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. माझं हरितगृह गुंठ्याचा अठरावा हिस्सा भरत होतं. त्याने पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि अत्यंत सौजन्याने म्हणाला, "साहेब, ही मच्छरदाणी झाली."

त्याचं चुकलं नाही. त्याचं गिऱ्हाईक मावळातलं. तळेगावच्या बाजूला गुलाबाची पॉलिहाऊसं एकरांत मोजतात. 14 फेब्रुवारीला गुलाब हवा म्हणून ती मंडळी डिसेंबरातच छाटणी उरकतात. प्रेमाचं वेळापत्रक इतक्या आधी आखणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. तळेगाव दाभाड्याला पॉलिहाऊसचं रीतसर प्रशिक्षणसुद्धा मिळतं. पण ते सगळं शास्त्र विकायच्या फुलांसाठी आहे. आपल्याला चार वांगी आणि मूठभर कोथिंबीर हवी असते, आणि त्यापेक्षा जास्त म्हणजे सकाळी चहाचा कप घेऊन जाऊन उभं राहायला एक जागा.

दुकानदार मात्र भला होता. मच्छरदाणीचंही त्याने मनापासून सांगितलं. काच नको: 4 मिलिमीटरची काच चौरस मीटरला 10 किलो भरते, तेव्हा सहा बाय दहाच्या घराला भिंती-छप्पर धरून पावणेतीनशे किलो काच डोक्यावर घेऊन राहायचं, आणि वळवाची एक गार बसली की खालच्या मजल्यावाल्यांशी कायमचं वैर. पॉलिकार्बोनेटचा पत्रा हलका, टिकाऊ, पण महाग, आणि ऊन त्यातून आत येतंच. प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा तर 200 मायक्रॉनचा, यूव्हीवाला. साधा घेतला तर एका उन्हाळ्यात त्याचा पापड होतो. आणि राहिली शेडनेट. 35 टक्के, 50 टक्के, 75 टक्के, 90 टक्के. टक्के म्हणजे अडवलेलं ऊन. भाजीला 35 ते 50, ऑर्किड-नेच्यांना 75. "नव्वद?" मी विचारलं. "गाडीवर टाकायला," तो म्हणाला.

रंग कुठला, यावर मी आपला हिरवाच म्हणालो. बागेला हिरवी जाळी, यात विचार करण्यासारखं काय आहे? आहे. पानं हिरवी दिसतात कारण हिरव्या उजेडाचा त्यांना तुलनेने उपयोग कमी, तो ती परत पाठवतात. म्हणजे हिरवी जाळी ही माणसाच्या डोळ्यांची सोय. झाडाला काळी चालते, पांढरी तर आणखी बरी, कारण ती स्वतः कमी तापते. पण घरी विचारलं तर उत्तर आलं, "अहो, काळी नको, वरून बांधकाम चालू असल्यासारखं दिसेल." पांढरी ठरली. स्वारगेटला पांढरी जाळी किती दिवस पांढरी राहते हे वेगळं सांगायला नको. तिच्यावर बसलेल्या धुळीने 50 टक्क्यांची जाळी आपोआप 60 टक्क्यांची होते. वरचेवर तिच्यावर पाइपने पाणी मारावं लागतं. पण ती धूळ पानांवर बसायची ती जाळीवर बसते, आणि त्याच्यासाठीच तर हा खटाटोप.

जाळी सगळ्या बाजूंनी घट्ट लावावी का, यावर मात्र माझं ठाम मत आहे. लावू नये. कीड बाहेर राहते हे खरं, पण मधमाशीही बाहेर राहते. टोमॅटो-मिरचीचं एक वेळ भागतं. त्यांच्या फुलांत नर-मादी एकत्र नांदतात, फांदी जरा हलवली तरी पुरतं. पण दुधी, दोडका, कारली यांची नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी. मध्यस्थाशिवाय तिथे काही जमत नाही. मग ते काम घरातल्या माणसावर येतं. कारल्याचं फूल सकाळी उमलतं, दोडक्याचं संध्याकाळी, दुधीचं दिवस मावळताना. म्हणजे मधमाशीची पहिली पाळी आणि पाकोळीची रात्रपाळी, दोन्ही आपल्याकडे. रंगकामाचा बारीक ब्रश घेऊन, नर फूल शोधून, मादी फुलापर्यंत पराग न्यायचे, आणि खालून कोणी ‘काय चाललंय?’ म्हणून ओरडलं तर काय उत्तर द्यायचं याचा विचार करत राहायचं. बंद जाळीत काकडी हवी असेल तर परागाशिवाय फळ धरणाऱ्या जातीचं बियाणं मिळतं. दोडक्याला असली सवलत नाही.

यातलं काहीही सोसायटीला माहीत नव्हतं तोवर बरं चाललं होतं. गच्ची सगळ्यांची असते, हे तत्त्व सर्वांना मान्य असतं आणि गच्चीवर कोणी जात नाही, हा व्यवहारही. तिथे एक पाइप उभा राहिला की मात्र प्रत्येकाला आपलं वाळवण आठवतं. सेक्रेटरीकाका स्वतः वर आले. त्यांनी झाडांकडे बघितलंच नाही, ते फरशीकडे बघत होते. "खिळा मारणार का?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त. गच्चीखाली विटांचा कोबा, वर चायना मोझॅक. एक भोक पडलं की पावसाळ्यात चौथ्या मजल्यावर हॉलमध्ये टोपलं ठेवायची वेळ येते. आणि खिळा नाही मारला तर वारा. मेच्या वावटळीत बंद कागदाचं घर उडून थेट सारसबागेत गणपतीच्या दर्शनाला जाईल. उपाय असा निघाला की पाइपाचे पाय सिमेंट भरलेल्या जुन्या बादल्यांत उभे करायचे, आणि बाजू उघड्या ठेवायच्या म्हणजे वारा धक्का न मारता पलीकडे जातो.

काकांचा दुसरा प्रश्न वजनाचा. तोही त्यांनी बरोबर विचारला. एक फूट लांब, रुंद, उंच कुंडी ओल्या मातीने भरली तर 45-50 किलो होते. अशा 20 कुंड्या म्हणजे एक टन माती, तीही आपल्या झोपायच्या खोलीवर. कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि थोडीच माती असं मिश्रण केलं तर वजन निम्म्यावर येतं. कुंड्या मधोमध मांडू नयेत, तुळई जिथून जाते त्या कडेला ठेवाव्यात. तुळई कुठून जाते हे सोसायटीत एकालाच माहीत असतं, आणि ते गृहस्थ मुलाकडे अमेरिकेत गेलेले असतात.

हे सगळं चाललं असताना सांगलीकडचे एक पाहुणे आले होते. मिरजेच्या बाजूचे, घरात पूर्वी पानमळा. त्यांनी माझे कागद, आकृत्या, टक्के शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "आमच्याकडं वेल शेवरीवर, पांगाऱ्यावर चढवत्यात. भवतीनं वाऱ्याला आडोसा. लई ऊन झालं की पाला ठेवायचा, ढग आलं की छाटायचा." विड्याच्या पानाला सावली हवी, ओलावा हवा, वारा नको. त्यासाठी आपल्या लोकांनी जिवंत झाडांचं घर बांधलं. त्याला झडप लागत नाही, यूव्हीचा कागद लागत नाही, आणि छपराची जाडी ऋतूप्रमाणे कोयत्याने ठरवता येते. शेवग्याचा मळा केलात तर छपराला शेंगाही लागतात. ते गेल्यावर मी माझी आकृती पुन्हा काढली.

शेवटी उभं राहिलं ते असं: सहा बाय दहाचा जीआय पाइपाचा मांडव, डोक्यावर 50 टक्क्यांची पांढरी जाळी, पश्चिमेला चारच्या उन्हासाठी तोंडली आणि कारल्याचा वेल, रस्त्याच्या बाजूला धुळीसाठी जाळीचा एक पडदा, बाकी उघडं. कोपऱ्यात दोन बाय तीन फुटांची कागदाची पेटी, झाकण वर उचलता येईल अशी. तिच्यात फक्त बी रुजतं. पावसाच्या सरीत नाजूक रोपं झोपतात, पुण्याच्या जानेवारीत मिरचीचं बी रुसून बसतं, तेव्हा तेवढ्यापुरती ती पेटी हरितगृहाचं काम करते. नोव्हेंबर ते जानेवारी वरची जाळी काढून ठेवतो, कारण त्या दिवसांतलं ऊन कोणालाच नको होत नाही. तात्यांना हे हरितगृह वाटत नाही. त्यांच्या मते याला मांडव म्हणतात, आणि मांडवाला एवढा अभ्यास करत नाहीत.

माझा निकाल विचाराल तर पुण्यात राहणाऱ्याने, आणि त्यातून स्वारगेटला राहणाऱ्याने, पूर्ण बंद हरितगृह घेऊ नये. डोक्यावर सावली, बाजूंना वारा, आणि बियांपुरती एक पेटी, एवढ्यात घरची बाग सुखाने चालते. उरलेले पैसे ठिबकच्या टायमरवर घाला. आपण मे महिन्यात गावाला जातो, झाडं जात नाहीत.

जून लागला की त्या पेटीत वांग्याची आणि मिरचीची रोपं हमखास जास्त होतात. कोणाला हवी असतील तर संध्याकाळी पाचनंतर या. पिशवी घरून आणा, आणि जिन्यात माती सांडू नका. सेक्रेटरीकाका पहिल्या मजल्यावर राहतात.